चौथा उंदीर

सर उंदीर फार सुरेख काढायचे. फळ्यावर खडूनं एका ओळीत चार. कान, मिशा, शेपटीचा आकडा, सगळं जिथल्या तिथं. पहिला उताणा पडलेला, पाय वर. दुसरा टुणटुणीत. तिसराही टुणटुणीत. चौथा पुन्हा उताणा. पोरं हसायची, मागच्या बाकावरून कुणीतरी चूं चूं करायचं. मी शेजारच्या खोलीत परीक्षानळ्या धुवत असायचे. दाराच्या फटीतून तो चौथा उंदीर दिसला की माझा हात नळाखाली तसाच थांबायचा आणि पाणी वाहत राहायचं. आता फळा जाऊन पांढरा बोर्ड आला, सर राहिले नाहीत, तरी तो उंदीर डोळ्यांपुढं आला की मी नळ बंद करते.

परभणीच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी प्रयोगशाळेत कामाला आहे. पोरं मावशी म्हणतात. सर तिथं जीवशास्त्र शिकवायचे. उंच, काटकुळे, आणि शर्टाच्या खिशात खडूचे तुकडे ठेवायची सवय, त्यामुळं छातीवर कायम एक पांढरा डाग. लग्न केलं नव्हतं. का नाही केलं असं कुणी विचारलं तर म्हणायचे, तपास चालू आहे. त्यांचे वडील निजामाच्या राज्यात कोर्टात पेशकार, म्हणजे कारकून होते म्हणे. वडिलांची नोकरी गेली, पण त्यांची भाषा सरांच्या तोंडात राहिली. काच फुटली की मुल्जिम हाजिर हो, म्हणजे आरोपीनं पुढं यावं. पोराचं उत्तर बरोबर आलं की बाइज्जत बरी, म्हणजे निर्दोष सुटला. नवीन पोरं घाबरायची, जुनी पोरं त्यांची नक्कल करायची, आणि सरांना ते दोन्ही ठाऊक होतं.

त्यांचं एकच तंत्र होतं, एकेक काढून बघायचं. कुठल्याही गोष्टीचं कारण शोधायचं असलं की ते तर्क लढवत बसायचे नाहीत. त्यांना जळजळीचा त्रास होता. एकटा माणूस, रोज खिचडी. तर आठ दिवस बिनहळदीची खाल्ली. मग बिनडाळीची. मग तेल काढलं, मग मिरची, मग मीठसुद्धा. चार महिने हा माणूस डब्यात रोज काहीतरी कमी असलेली खिचडी घेऊन यायचा आणि चव घेऊन वहीत नोंद करायचा. पुढं एका शनिवारी प्राचार्यांची मीटिंग रद्द झाली आणि त्या दिवशी जळजळ झाली नाही. सर स्टाफरूममध्ये उभे राहून म्हणाले, खिचडी बाइज्जत बरी, खरा गुन्हेगार सापडला. प्राचार्य तिथंच बसलेले होते.

आणि नावं सांगायची नाहीत हा आणखी एक हट्ट. शोध कुणी लावला ते सांगायचेच नाहीत. इंग्रज डॉक्टर, अमेरिकेतला म्हातारा, मिक्सरवाले दोघं, एवढंच. नाव पाठ झालं की पोरगं विचार करायचं सोडतं असं त्यांचं म्हणणं. परीक्षेत नावं लागतात म्हणून आई-बाप भांडायला यायचे. मग सर वर्षाच्या शेवटच्या तासाला सगळी नावं एकदम फळ्यावर लिहायचे आणि वर्गाबाहेर जाऊन उभे राहायचे.

त्या उंदरांची गोष्ट मात्र ते जीव ओतून सांगायचे. एक इंग्रज डॉक्टर न्युमोनियाच्या जंतूंवर काम करायचा. जंतू दोन तऱ्हेचे. एक अंगावर गुळगुळीत कवच घातलेले, जीवघेणे. दुसरे उघडे, गरीब, कुणाचं काही न बिघडवणारे. कवचवाले टोचले, पहिला उंदीर मेला. गरीब टोचले, दुसरा जगला. कवचवाले तापवून मारून टोचले, तिसराही जगला. मग त्या डॉक्टरनं मेलेले कवचवाले आणि जिते गरीब एकत्र करून चौथ्याला टोचले. दोन्ही निरुपद्रवी. आणि चौथा उंदीर मेला. त्याच्या रक्तात बघितलं तर कवचवाले जंतू, जिते, वाढणारे. गरिबांनाच कवच आलं होतं.

इथं सर थांबायचे. खडू खाली ठेवायचे. आवाज एकदम बारीक करून म्हणायचे, "मेलेल्यानं जित्याला काय दिलं?"

हा प्रश्न सर वर्गाला विचारत होते, पण तो माझ्या घरात शिरला. कसा, ते सांगते.

प्रयोगशाळेत माझ्या जागी आधी आमचे मालक होते, म्हणजे माझे यजमान. चांगली दहा-बारा वर्षं त्यांनी काम केलं, एक नळी फुटू दिली नाही. मग फुटायला लागल्या. आधी महिन्यात एखादी, पुढं आठवड्याला, पुढं रोज. चालताना पाय भलतीकडंच पडायचा. खांदा मधूनच उडायचा. कॉलेजात सगळे म्हणाले, पितोय. घरी येऊन मला सांगून गेले लोक. मी त्यांचं तोंड हुंगून बघितलेलं, मला ठाऊक होतं की ते पीत नाहीत, पण बायकोचं कोण ऐकतं?

सरांनी पंधरा दिवस रोज सकाळी मालकांना खोलीत बोलावलं. तोंड उघडा म्हणायचे, वास घ्यायचे, वहीत लिहायचे. दुपारी डबा खाताना शेजारी बसायचे, सुट्टीत मागं मागं फिरायचे. सोळाव्या दिवशी स्टाफरूममध्ये जाऊन म्हणाले, दारू बाइज्जत बरी. माझ्या मालकांची अब्रू त्या माणसानं एका वाक्यात परत दिली. मी ते कधी विसरणार नाही.

त्याच रविवारी ते पिंगळीला आमच्या घरी आले. खाटेवर बसले, वही उघडली आणि दोन तास मला प्रश्न विचारले. पाणी कुठलं पिता. शेतात फवारणीला गेले होते का. डोक्याला मार लागला होता का, मोठा ताप आला होता का. मी उत्तर द्यायची आणि सर एकेका शब्दावर रेघ मारायचे. शेवटचा प्रश्न विचारताना त्यांनी पेन उचलून धरलं.

"यांच्या घरात आधी कुणाला असं झालं होतं?"

झालं होतं. सासूबाईंना झालं होतं. मी लग्न होऊन मानवतकडच्या त्यांच्या गावी गेले तेव्हा त्या खाटेलाच होत्या. हात, मान, जीभ, सगळं अंग आपोआप नाचायचं. गावातल्या लोकांना सांगितलेलं की देवीचं वारं आहे. घरात सगळ्यांना ताकीद होती, या दुखण्याचा शब्द उंबऱ्याबाहेर जायचा नाही, दोन नणंदांची सोयरीक व्हायची आहे. माझ्याकडून तर हळदीचे हात होते तेव्हाच शपथ घेतली होती. मी मालकांकडं बघितलं. त्यांनी मान खाली घातली.

"न्हाई सर," मी म्हणाले, "कुणालाच न्हाई."

सरांनी त्या ओळीवर रेघ मारली. पुढं नांदेडच्या डॉक्टरांनी हेच विचारलं, मी हेच सांगितलं. त्यांनी नसांचा आजार म्हणून गोळ्या दिल्या. सहा महिन्यांत मालक घरी बसले आणि सरांच्या खटपटीनं त्यांच्या जागी मला घेतलं.

कामाला लागून महिना झाला असेल नसेल, मी पहिल्यांदा ती उंदरांची गोष्ट ऐकली. पुरती नाही. नळ चालू होता, काचा वाजत होत्या, त्यातून जेवढं कानावर आलं तेवढंच. मेलेल्याचं काहीतरी जित्यात गेलं. चांगल्यात शिरलं आणि चांगलं बिघडलं. मला सासूबाई आठवल्या. सासूबाईंना शेवटी मालकच उचलायचे, मालकच न्हाऊ घालायचे. मला वाटलं, हेच ते. त्यांच्यातून यांच्यात आलं. आता यांच्यातून कुणात जाणार?

आम्हाला एकच मुलगी. तेव्हा नऊ वर्षांची होती. बापाच्या गळ्यातला ताईत.

त्या दिवशी घरी आल्या आल्या मी मालकांचा कप वेगळा केला. ताट वेगळं, पाण्याचा तांब्या वेगळा. खाट मागच्या खोलीत नेली. त्यांचे कपडे काठीनं उचलून उकळत्या पाण्यात टाकायचे. आणि पोरीला समोर बसवून सांगितलं की त्या खोलीत पाय टाकायचा नाही. बाबाला हात लावलास तर बाबाचं तुझ्यात येईल, मग तुझंबी अंग असंच नाचायला लागेल. पोरगी रडली. मी तिला फळ्यावरच्या उंदराची गोष्ट सांगितली, माझ्या अकलेप्रमाणं. मग ती रडायची थांबली, आणि मला वाटलं, बरं झालं, घाबरली.

मी कामाला गेले की दुपारी शेजारच्या काकू मालकांना दोन घास भरवून जायच्या. शाळा सुटल्यावर पोरगी काकूंकडंच थांबायची. संध्याकाळी मी आले की घरी. रविवारी मी घरात असायचे. चार वाजले की मालक दाराकडं बघायला लागायचे. बोलणं बंद झालं होतं, पण डोळे दारावरच. मला कळायचं की पोरीला शोधतात. मी दार ओढून घ्यायचे. दीड वर्षानं ते गेले. त्या दिवशीसुद्धा मी पोरीला काकूंच्या दारातूनच दाखवलं.

त्यांचं अंथरूण, कपडे, तो वेगळा कप, सगळं मी जाळलं. आणि त्या दिवसापासून पोरीच्या हातांवर नजर ठेवली. वेणी घालताना बघायचे, लिहिताना बघायचे. ताटात भांडं वाजलं की वळून बघायचे. ती झोपली की बोटं हलतात का ते बघायचे. हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

मालक गेल्यानंतरच्या हिवाळ्यात सरांनी पुन्हा उंदीर काढले. तास झाल्यावर फळा पुसायचं काम माझं. मी तीन उंदीर पुसले आणि चौथ्यापाशी हात थांबला. सर चष्मा विसरले म्हणून परत आले होते. दारात उभे. हा का ठेवला म्हणाले. मी म्हणाले, त्याला मी हात लावणार न्हाई. का? मग माझा बांध फुटला. कप, काठी, खोली, दार, सगळं सांगितलं त्यांना.

सर स्टुलावर बसले. मला सगळं परत एकदा सांगायला लावलं. मग तिसऱ्यांदा. हातातल्या खडूचा चुरा झाला होता, त्यांना पत्ता नव्हता. मग म्हणाले, "उद्या कॉलेज सुटल्यावर थांबा. दार उघडं ठेवून अर्धं सांगितलं मी. चूक माझी आहे."

दुसऱ्या दिवशी ते घरून मिक्सर घेऊन आले. माझ्या मोरीसमोर फरशीवर मांडी घालून बसले आणि एवढा शिकलेला माणूस मला एकटीला, मी सगळा वर्ग असल्यासारखं शिकवायला लागला. म्हणाले, इंग्रज डॉक्टरनं प्रश्न विचारला, फैसला दुसऱ्यांनी दिला. अमेरिकेतला एक म्हातारा, अबोल, धीराचा माणूस. त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षं हेच केलं, एकेक काढून बघितलं. मेलेल्या जंतूंचा अर्क काढला. त्यात शक कुणाकुणावर? सगळ्या जगाचा शक प्रथिनावर. प्रथिन तालेवार, शरीरात सगळीकडं त्याचीच सत्ता. तर म्हाताऱ्यानं प्रथिन खाऊन टाकणारा रस त्यात घातला. तरी गरीब जंतूंना कवच आलंच. प्रथिन बाइज्जत बरी. आरएनए तोडणारा रस घातला. तरी आलंच. तोही बरी. मग डीएनए तोडणारा रस घातला, आणि गरीब ते गरीबच राहिले.

"ज्याच्याकडं कुणी ढुंकूनबी बघत नव्हतं, तोच निघाला," सर म्हणाले. त्या डीएनएला लोक तेव्हा मठ्ठ समजायचे. चारच तुकडे, पुन्हा पुन्हा तेच, त्यात काय लिहिलेलं असणार? म्हाताऱ्यावर पुष्कळांचा विश्वास बसला नाही. मग काही वर्षांनी ते मिक्सरवाले दोघं आले. जंतूवर बसून त्याला पोखरणारा एक विषाणू असतो. त्याचं बाहेरचं झबलं प्रथिनाचं, आत डीएनए. दोन्हींवर वेगवेगळी खूण केली आणि विषाणू जंतूवर बसल्यावर मिक्सरमध्ये फिरवलं. सरांनी इथं रिकामा मिक्सर फिरवून दाखवला. शेंगदाण्याच्या चटणीचा वास सुटला. झबली झटकली गेली, बाहेरच राहिली. आत शिरलं होतं ते डीएनए. आणि आतूनच नवे विषाणू निघाले.

मग त्यांनी मला मिठाच्या पाण्याची चूळ भरायला लावली. ती नळीत घेतली, भांडी घासायच्या साबणाचे थेंब टाकले, हळूच हलवलं आणि बर्फातलं गार स्पिरिट कडेनं सोडलं. मी बघत राहिले. नळीत पांढरे तंतू वर यायला लागले. सरकीला चिकटून राहिलेल्या कापसासारखे. मी नळी हातात घेतली नाही.

"घाबरू नका. हे तुमचंच हाय," सर म्हणाले, "आई-बापाकडून आलेलं, तुम्ही जन्मायच्या आधी. जंतू उघड्यावरचं उचलतात. माणूस असं उचलत नाही. कप उष्टा करून, कपडे धुवून, हात धरून हे कुणाचं कुणात जात नाही, ताई. न्युमोनिया लागतो, कारण तिथं जंतू आहे. यांच्या आजारात जंतूच नव्हता."

मी विचारलं, म्हणजे पोरीनं हात लावला असता तरी चाललं असतं? चाललं असतं, सर म्हणाले. मी मोरीवर डोकं टेकून रडले. दीड वर्ष मी त्या माणसाला त्याच्या पोरीपासून तोडलं, कशासाठी? कशासाठीच नाही. सरांनी मला रडू दिलं. मग वही काढली, जुनीच, आणि ते पान उघडलं. तोच प्रश्न परत विचारला. या वेळी मी सासूबाईंचं सांगितलं.

सरांनी पेन खाली ठेवलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले की ताई, तुम्ही मुल्जिमालाच बरी केलंत.

मालकांचे सगळे कागद घेऊन ते नांदेडला गेले. आठ दिवसांनी आले, माझ्यासमोर उभे राहिले, बसले नाहीत. डॉक्टर म्हणाले, बहुतेक सासूबाईंना होता तोच आजार, घराण्यात उतरणारा. आईकडून येवो की बापाकडून, मुलगा असो की मुलगी. दर लेकराला अर्धी शक्यता. उतरला तर चाळिशीच्या आसपास दिसायला लागतो. नाही उतरला तर नाहीच, पुढच्यांनाही नाही. बरं करणारं औषध नाही. रक्ताची तपासणी आहे, पण पोरगी मोठी झाल्यावर ती करायची का नाही ते तिचं तिनं ठरवायचं. अठरा वर्षांची झाली की तिला सांगा, तिचा हक्क आहे.

मी म्हणाले, सांगितलं तर माझी पोरगी हसायची बंद होईल सर. ते म्हणाले, होईल कदाचित. खोटा धीर द्यायची त्यांना सवयच नव्हती.

आधीच्या भीतीशी मला दोन हात करता येत होते. साबण होता, उकळतं पाणी होतं, बंद दार होतं. या नव्या भीतीला काहीच करता येईना. जे व्हायचं ते पोरगी पोटात असतानाच होऊन गेलं होतं आणि मी तिच्या हातांकडं बघत बसले होते.

सरांनी मात्र शिकवणं बदललं. त्या वर्षापासून उंदीर काढायच्या आधी फळ्यावर सगळ्यात वर एक ओळ लिहायचे, हात लावल्याने जात नाही. पोरं एकमेकांकडं बघायची, हा काय प्रकार? पुस्तकात असं काही नव्हतं, परीक्षेला येणार नव्हतं. एकानं विचारलं तर म्हणाले, ही ओळ पाठ कर, बाकी विसरलास तरी चालेल. आणि तास सुरू व्हायच्या आधी माझ्या खोलीत येऊन नळ बंद करायचे, मला दारात आणून उभं करायचे. ऐकू येतंय का? मावशींना कळलं तर तुम्हाला कळलं, असं पोरांना सांगायचे. दर वर्षी मी ती गोष्ट दारात उभं राहून पुरती ऐकली. मेलेल्यानं जित्याला काय दिलं, हा प्रश्न ते पुढंही विचारायचे, पण आवाज बारीक करत नव्हते. आणि चौथा उंदीर स्वतःच पुसायचे, हातानं.

ते निवृत्त झाले त्याच वर्षी पोरगी अठराची झाली. सर झरीला आपल्या गावी राहायला गेले. तिथूनही सुटका नव्हती. दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी नऊ वाजता फोन. ना नमस्कार, ना कशा आहात.

"सांगितलं?"

"न्हाई सर."

फोन बंद. सहा वर्षं हेच. कधी रागावले नाहीत, कधी दुसरा शब्द बोलले नाहीत. एक तारीख जवळ आली की मला अन्न गोड लागायचं नाही. एकदा वाटलं, सांगितलं म्हणून खोटं सांगावं. पण त्या माणसाशी मी एकदा खोटं बोलले होते, त्याचं काय झालं ते मला माहीत होतं.

पोरगी कॉमर्सला गेली. विज्ञान नको म्हणाली, मी विचारलं नाही का. परभणीत एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करते. स्थळं येतात. प्रत्येक स्थळाला नाही म्हणते. काकू म्हणाल्या, पोरगी लाजाळू आहे. मी वरून कुरकुर करायचे आणि आतून सुटल्यासारखं वाटायचं, की चला, अजून थोडे दिवस सांगावं लागणार नाही. आई म्हणून मला लाज वाटते हे लिहिताना, पण खरं तेच आहे.

गेल्या एक तारखेला रविवार होता. नऊ वाजले. सव्वानऊ झाले, साडेनऊ झाले. फोन वाजला नाही. ज्याची मी सहा वर्षं धास्ती घेतली तो फोन न येण्याचीच आता धास्ती वाटली. मी पहिल्यांदा आपल्या हातानं त्यांचा नंबर लावला. पुतण्यानं उचलला. काका मंगळवारी गेले म्हणाला, बसल्या जागी. मी बरं म्हणाले आणि फोन मांडीवर ठेवून बसून राहिले. आता विचारणारं कुणी राहिलं नाही हे कळायला मला थोडा वेळ लागला.

पोरगी चहा घेऊन येत होती. कप तिच्या हातातून सुटला आणि फरशीवर फुटला.

मी तिच्या हाताकडं बघितलं. मग वर बघितलं तर तीही हाताकडंच बघत होती. बोटं ताणून, श्वास धरून. जशी मी बघते तशीच, अगदी तशीच.

"सुरू झालं वाटतं," ती म्हणाली.

मी विचारलं काय सुरू झालं. बाबाचं, म्हणाली. अगदी शांतपणे. मग तिथंच फुटक्या तुकड्यांशेजारी बसून तिनं सांगितलं. तू कामाला गेली की मी शाळेतून थेट बाबाकडं जायचे. रोज, चार वाजता. काकूंना माहीत होतं, त्यांनी कधी सांगितलं नाही. बाबाचा हात थांबायचा नाही, म्हणून मी दोन्ही हातांनी दाबून धरायचे. मग थोडा वेळ थांबायचा. तू यायच्या आत काकूंकडं पळायचे.

रविवारी चार वाजता ते दाराकडं का बघायचे ते मला तेव्हा कळलं.

"तू सांगितलं होतंस हात लावला की येतं," ती म्हणाली, "मी तर रोज लावला. म्हणजे मला आलंच हाय. कधी दिसंल तेवढंच बघायचं. म्हणून तर कुणाला हो म्हणत न्हाई मी."

पंधरा वर्षं. खिशात मोबाईल असताना तिनं कधी शोधून बघितलं नव्हतं. धाडस झालं नाही म्हणाली. भीतीचं असंच असतं, विचारू देत नाही. हे मला कुणी शिकवायला नको.

मी सगळं सांगितलं. माझं अडाणीपण, सासूबाई, वहीतली रेघ, नांदेडचा डॉक्टर. सर मला जसं सांगायचे तसं, काही न गाळता. हात लावल्यानं गेलं नाही, जायचंच नव्हतं. तुझ्यात असंल तर जन्मायच्या आधीपासून आहे, नसंल तर कधीच येणार नाही. बरं करणारं औषध अजून नाही. आणि शेवटी ते सांगितलं, जे सांगायला माझी जीभ सहा वर्षं उचलली नव्हती. अर्धं, मी म्हणाले. अर्धी शक्यता आहे.

तिनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता कोसळेल.

"फक्त अर्धी?"

आणि ती हसायला लागली. रडत होती आणि हसत होती, ओल्या फरशीवर, कपाच्या तुकड्यांत. फक्त अर्धी, फक्त अर्धी, असं परत परत म्हणत होती. मी तिला अर्ध्यापासून वाचवत बसले आणि ती पुऱ्याखाली जगत होती. एक वाक्य माझ्या तोंडून निघालं असतं तर अर्धं ओझं कधीच उतरलं असतं.

तपासणी करायची का नाही ते तिनं अजून ठरवलं नाही. मी विचारत नाही. माझी भीती गेलेली नाही, आजही कप वाजला की मान वळते. पण आता आम्ही दोघी एकदमच वळून बघतो.

त्या दिवशी थोडी शांत झाल्यावर ती म्हणाली, ते उंदराचं नीट सांग, पहिल्यापासून. घरात खडू कुठला? मी रांगोळीचा डबा घेतला आणि तुकडे बाजूला लोटून फरशी पुसली. मला काही सरांसारखे उंदीर येत नाहीत. पण आधी सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात ती ओळ लिहिली, हात लावल्याने जात नाही. मग पहिला उंदीर काढायला घेतला.